134 मेगाहर्ट्झचा घरगुती व्हीसीओ: कोणते आकडे व्हीसीओचे आणि कोणते बेंचचे?

फर्मागुडी_बेंच (प्रश्न):

मंडळी नमस्कार. दोन मीटर बँडच्या (144 ते 146 मेगाहर्ट्झ) रिसीव्हरसाठी लोकल ऑसिलेटर म्हणून व्हीसीओ (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर) बांधलाय. आयएफ (मधली फ्रिक्वेन्सी) 10.7 मेगाहर्ट्झ, म्हणजे लोकल 133.3 ते 135.3 हवा. सर्किट साधं आहे: जे 310 ट्रान्झिस्टरवर कोलपिट्स ऑसिलेटर, हवेतली कॉइल, दोन व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणारे डायोड) पाठीला पाठ लावून, ट्यूनिंगला 47 किलोओहमचा रेझिस्टर, पुढे आणखी एका जे 310 चा बफर. सप्लाय एलएम 317 रेग्युलेटरवरून 9 व्होल्ट. ट्यूनिंग व्होल्टेज सध्या बेंच सप्लायवरून देतोय. आउटपुट साधारण +7 डीबीएम मिळतं.

फ्रिक्वेन्सी अशी येते: 1 व्होल्टला 128.9, 2 ला 131.2, 3 ला 133.0, 4 ला 134.5, 5 ला 135.8, 6 ला 136.9, 7 ला 137.8, 8 ला 138.6 मेगाहर्ट्झ.

अडचणी अशा:

व्होल्टेज वर नेताना आणि खाली आणताना त्याच व्होल्टेजला 30 ते 40 किलोहर्ट्झचा फरक पडतो.

केबल हलवली की फ्रिक्वेन्सी साठेक किलोहर्ट्झ सरकते.

फेज नॉईज (कॅरियरच्या आजूबाजूचा गोंगाट) रिगोल डीएसए 815 या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर बघतोय. रिझोल्यूशन बँडविड्थ 1 किलोहर्ट्झ, लॉग स्केलवर ॲव्हरेजिंग, कॅरियरपासून 10 किलोहर्ट्झवर −52 डीबीसी (कॅरियरच्या तुलनेत डीबी) दिसतं. त्यातून 30 वजा केले की −82 डीबीसी प्रति हर्ट्झ. कॉइल बदलली, करंट बदलला, पण आकडा एका डीबीनेही हलत नाही. एवढा वाईट व्हीसीओ असू शकतो का?

रिपोर्टमध्ये ट्यूनिंग कर्व्ह, पुशिंग (सप्लाय बदलल्यावर फ्रिक्वेन्सी किती सरकते), पुलिंग (लोड बदलल्यावर किती सरकते), हार्मोनिक्स आणि फेज नॉईज एवढं द्यायचंय. अ‍ॅनालायझरशिवाय फ्रिक्वेन्सी काउंटर, स्कोप, फंक्शन जनरेटर आणि साडेचार अंकी मल्टिमीटर आहे.

---

वेर्णा_टेस्टबेंच:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. कॉइल आणि करंट बदलूनही आकडा हलत नाही, म्हणजे तो आकडा व्हीसीओचा नाही. तो अ‍ॅनालायझरचा आहे.

गणित बघा. 1 किलोहर्ट्झचा गाऊसियन फिल्टर नॉईजसाठी सुमारे 1.06 किलोहर्ट्झ रुंद धरतात, म्हणून 30 ऐवजी 30.25 डीबी वजा करायचे. उलट लॉग स्केलवर ॲव्हरेज घेतलं की नॉईज 2.5 डीबीने कमी दिसतो, तेवढे परत मिळवायचे. −52 − 30.25 + 2.5 म्हणजे −79.75. आता त्या अ‍ॅनालायझरच्या डेटाशीटमध्ये 10 किलोहर्ट्झवरचा स्वतःचा फेज नॉईज बघा: −80. तुम्ही अ‍ॅनालायझरचं स्पेसिफिकेशन अगदी अचूक मोजलंय.

खात्री करायला पाच मिनिटं लागतात. 125 मेगाहर्ट्झचा डबीतला क्रिस्टल ऑसिलेटर त्याच सेटिंगवर लावा. क्रिस्टल तुमच्या एलसी सर्किटपेक्षा कितीतरी शांत असतो. तिथेही −80 च्या आसपास आलं तर विषय संपला.

व्हीसीओकडून काय अपेक्षा ठेवायची, त्याचा अंदाज लीसनच्या (ऑसिलेटरचा फेज नॉईज काढायच्या) सूत्रावरून येतो. लोडेड क्यू 20, नॉईज फिगर 6 डीबी, रेझोनेटरमधली पॉवर 0 डीबीएम, फ्लिकर कॉर्नर 10 किलोहर्ट्झ धरा. तळ −174 + 6 − 3 = −171. 134 मेगाहर्ट्झ भागिले दुप्पट क्यू म्हणजे 3.35 मेगाहर्ट्झ, 10 किलोहर्ट्झच्या 335 पट, म्हणजे 50.5 डीबी. फ्लिकरचे 3 डीबी. एकूण सुमारे −117.5. गृहीतकं चार-पाच डीबी इकडेतिकडे होतील, पण −80 आणि −117 यांतली दरी भरून निघणार नाही. तुमच्या अ‍ॅनालायझरवर हा व्हीसीओ थेट मोजताच येणार नाही. ट्यूनिंग कर्व्ह, पॉवर, हार्मोनिक्स यांना मात्र तो पुरेसा आहे.

हार्मोनिक्स बघताना (268 आणि 402 मेगाहर्ट्झ) अ‍ॅनालायझरचं आतलं अटेन्युएशन 10 डीबीने वाढवून बघा. डीबीसीचा आकडा बदलला तर हार्मोनिक अ‍ॅनालायझरच्या मिक्सरमध्ये तयार होत होतं. बदलेनासं झालं की मग लिहून घ्या.

---

झुवारीकाठ:

वरचं बरोबर आहे, पण अ‍ॅनालायझर बदलून दिला तरी यांना −117 दिसणार नाही. पुढची भिंत एलएम 317 ची आहे.

त्या रेग्युलेटरचा नॉईज डेटाशीटप्रमाणे 10 हर्ट्झ ते 10 किलोहर्ट्झमध्ये आउटपुटच्या 0.003 टक्के. 9 व्होल्टला 270 मायक्रोव्होल्ट, म्हणजे ढोबळमानाने 2.7 मायक्रोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. पुशिंग अजून मोजलेलं नाही; उदाहरणापुरतं 200 किलोहर्ट्झ प्रति व्होल्ट धरू. 0.54 हर्ट्झ प्रति रूट हर्ट्झ एवढी फ्रिक्वेन्सी थरथरते. फेज नॉईजमध्ये बदलायचं सूत्र: 20 लॉग (थरथर ÷ (1.414 × ऑफसेट)). 10 किलोहर्ट्झला −88 येतं. म्हणजे चांगल्या व्हीसीओवर 30 डीबीचं पांघरूण.

यावर महागडा उपाय एलटी 3045 रेग्युलेटर, ज्याचा नॉईज 10 किलोहर्ट्झला 2 नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ आहे. स्वस्त उपाय: एलएम 317 नंतर 22 ओहम आणि 1000 मायक्रोफॅरड. कॉर्नर 7 हर्ट्झ. कपॅसिटरचा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) 0.05 ओहम असला तरी 10 किलोहर्ट्झला 53 डीबी सुटतात, आणि 12 मिलिअँपिअरला फक्त पाव व्होल्ट पडतो. मोजमापाला मी आधी हाच लावेन. 1000 मायक्रोफॅरडशेजारी 100 नॅनोफॅरड आणि 1 नॅनोफॅरड सिरॅमिक ट्रान्झिस्टरच्या पायाजवळ हवेतच.

तिसरी भिंत ट्यूनिंगचा 47 किलोओहम. त्याचा थर्मल नॉईज 28 नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. तुमच्या कामाच्या पट्ट्यात (3.2 ते 4.6 व्होल्ट) संवेदनशीलता 1.4 मेगाहर्ट्झ प्रति व्होल्ट आहे. वरच्याच सूत्राने −111. रेझोनेटरपेक्षा रेझिस्टर जास्त आवाज करतोय! 4.7 किलोओहम लावा, −121 होतं. काही जण चोक लावतात, पण चोकचं सेल्फ रेझोनन्स बँडच्या आसपास पडलं तर कर्व्हमध्ये खड्डा पडतो, शिवाय ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र तो आनंदाने पकडतो. 4.7 किलोओहमने टँकचा क्यू किती खाली येतो ते आउटपुट पॉवरवरून कळेल. पाठीला पाठ जोडणीत मधल्या बिंदूवर आरएफ फारसं नसतंच, त्यामुळे बहुधा काही फरक पडणार नाही.

आणि बेंच सप्लाय ट्यूनिंगला लावणं बंद करा. 1 मिलिव्होल्ट पीक रिपल 100 हर्ट्झला असला तरी 1.4 किलोहर्ट्झ पीक डेव्हिएशन होतं. दोन 9 व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, 10 फेऱ्यांचा 10 किलोओहमचा वायरवाउंड पॉट, पुढे 10 मायक्रोफॅरड फिल्म कपॅसिटर. एवढ्यात काम होतं.

---

डिचोली_कॉइल:

वर-खाली जाताना पडणाऱ्या फरकाबद्दल. मल्टिमीटर कुठे लावलाय? 47 किलोओहमच्या पुढे, व्हॅरॅक्टरच्या बाजूला लावला असेल तर मीटरच्या 10 मेगओहममुळे 0.47 टक्के व्होल्टेज पडतं. 4 व्होल्टला 19 मिलिव्होल्ट, म्हणजे 26 किलोहर्ट्झ. त्यात मीटर कधी जोडलेला, कधी काढलेला असेल तर झालंच. मीटर रेझिस्टरच्या अलीकडे, सोर्सच्या बाजूला लावा. व्हॅरॅक्टर डीसी करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे तिथलं व्होल्टेज खरं धरायला हरकत नाही. फेज नॉईज घेताना मीटर पूर्ण काढून ठेवा, त्याची वायर 50 हर्ट्झचा अँटेना असते.

दुसरं कारण ट्यूनिंग लाइनवरचा कपॅसिटर. तिथे 1 मायक्रोफॅरड असेल तर 47 किलोओहमबरोबर 47 मिलिसेकंद. एका व्होल्टच्या उडीनंतर 1 किलोहर्ट्झच्या आत यायला साडेसात टाइम कॉन्स्टंट, तिसऱ्या हिश्श्याचा सेकंद. ते तुमच्या लक्षातही येणार नाही. पण तो कपॅसिटर एक्स7आर सिरॅमिक असेल तर डायलेक्ट्रिक ॲब्सॉर्प्शनमुळे शेपूट कित्येक सेकंद सरकत राहतं, आणि वर जाताना एका बाजूने, खाली येताना दुसऱ्या बाजूने. शिवाय बोर्डावर टिचकी मारली की तो मायक्रोफोनसारखा वागतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर फिल्म वापरा. टँकमध्ये तर फक्त एनपी0 सिरॅमिक.

तिसरं कारण आपल्याकडचं. पावसाळ्यात फ्लक्स साफ न केलेल्या बोर्डावर 100 मेगओहमची गळती सहज तयार होते. 47 किलोओहमबरोबर 4 व्होल्टला ती जवळपास 2 मिलिव्होल्ट खाते, 2.6 किलोहर्ट्झ. सकाळी एक आकडा, पंखा लावल्यावर दुसरा. आयसोप्रॉपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुवा, 60 अंशांवर तासभर सुकवा. व्हर्निश मारायचं तर ट्यूनिंगच्या भागावर मारा, कॉइलवर नको; कॉइलच्या वेढ्यांमध्ये व्हर्निश भरलं की फ्रिक्वेन्सी खाली येते आणि क्यूही. खाऱ्या हवेत निकेलचे स्वस्त एसएमए आणि बीएनसी काळे पडतात, तेव्हा केबल हलवल्यावर सरकणाऱ्या 60 किलोहर्ट्झमधला काही भाग कनेक्टरचाही असू शकतो. मधली पिन घासून बघा. पॅड आणि टर्मिनेशन सिलिका जेलच्या डब्यात ठेवायची सवय बरी.

एसी लॅबमधून बोर्ड बाहेर आणलात तर त्यावर दव धरतं. ते पूर्ण जाईपर्यंत मोजू नका.

---

फर्मागुडी_बेंच:

मीटर व्हॅरॅक्टरच्या बाजूलाच होता आणि कपॅसिटर एक्स7आर आहे, दोन्ही बदलतो. पुशिंग-पुलिंग नेमकं कसं घ्यायचं ते सांगाल का? पुलिंगसाठी 12 डीबी रिटर्न लॉस सगळ्या फेजला असं डेटाशीटमध्ये लिहितात. लाइन स्ट्रेचर लॅबमध्ये नाही.

---

वेर्णा_टेस्टबेंच:

स्ट्रेचर लागत नाही, आरजी-58 चे दोन तुकडे लागतात.

उघडं टोक किंवा शॉर्ट सगळी पॉवर परत पाठवतं. त्याच्या अलीकडे 6 डीबीचा पॅड लावला की जाताना 6 आणि येताना 6, म्हणजे 12 डीबी रिटर्न लॉस, व्हीएसडब्ल्यूआर सुमारे 1.67. आता फेज फिरवायचा. आरजी-58 मध्ये वेग 0.66 पट, म्हणून 134 मेगाहर्ट्झची तरंगलांबी 1.48 मीटर. परावर्तनाचा फेज लांबीच्या दुप्पट फिरतो, त्यामुळे पूर्ण फेरी 74 सेंटिमीटरमध्ये होते. 45 अंशांची पायरी म्हणजे 9.2 सेंटिमीटर. एक तुकडा 9.2 चा, एक 18.5 चा करा. दोन्हींच्या जुळणीतून 0, 9.2, 18.5, 27.7 मिळतात. या चारही लांबींना टोक एकदा उघडं, एकदा शॉर्ट. उघडं आणि शॉर्ट यांत आपोआप 180 अंशांचा फरक असतो. झाल्या आठ फेज. तुकडे पॅडच्या कुठल्याही बाजूला लावा, तुकड्याचं नुकसान इतकं कमी आहे की फरक पडत नाही. दोन तुकडे जोडणाऱ्या ॲडाप्टरचीही लांबी असते, ती 27.7 च्या वेळी तुकड्यातून वजा धरा.

फ्रिक्वेन्सी कुठून वाचायची? आउटपुटवर 1 किलोओहमचा रेझिस्टर कायमचा लावून त्यातून 50 ओहमच्या काउंटरला न्या. 26 डीबी खाली सिग्नल मिळतो, त्याचा लोड सगळ्या आठ मोजमापांत सारखाच राहतो. काउंटरला सिग्नल कमी पडला तर मध्ये एमएमआयसी (एकाच चिपमधला आरएफ) अँप्लिफायर घाला. जवळ लूप धरून वाचणं सोपं वाटतं, पण लूप हलला की तुम्ही पुलिंग नव्हे, लूप मोजता.

आठांपैकी सर्वांत वरची आणि सर्वांत खालची यांतला फरक म्हणजे पीक-टू-पीक पुलिंग. सगळं पाच मिनिटांत उरका, नाहीतर तापमानाचा ड्रिफ्ट त्यात मिसळतो. सुरुवातीला आणि शेवटी 50 ओहम लावून वाचलं की ड्रिफ्ट किती झाला तेही कळतं.

बाकी सगळ्या मोजमापांना आउटपुटवर 10 डीबी पॅड लावूनच ठेवा. पुढे केबलचं काहीही झालं तरी व्हीसीओला 20 डीबी रिटर्न लॉसच दिसतो. केबल हलवल्यावर 60 किलोहर्ट्झ सरकणं म्हणजे बफरचं आयसोलेशन कमी आहे हे नक्की. पॅडने मोजमाप सुधारतं, रिसीव्हरमधला मिक्सर मात्र तुमच्या बफरलाच तोंड देणार आहे.

पुशिंगसाठी सप्लाय 8.75 आणि 9.25 करून फ्रिक्वेन्सीचा फरक भागिले 0.5 हे सगळे करतात. तो आकडा रिपोर्टला चालतो. त्यात ट्रान्झिस्टर तापण्याचा भाग मिसळलेला असतो, हे मात्र टीप म्हणून लिहा. नॉईजसाठी उपयोगी पडतं ते जलद पुशिंग. सप्लायमध्ये 100 किलोहर्ट्झचा साइन मिसळा, ट्रान्झिस्टरच्या पायावर स्कोपने मोजून 10 मिलिव्होल्ट पीक होईल इतका. (पायावर मोजा, डीकपलिंग कपॅसिटर अर्धाअधिक गिळून टाकतात. मोजण्यापुरता 1000 मायक्रोफॅरड काढावा लागेल.) पुशिंग 200 किलोहर्ट्झ प्रति व्होल्ट असेल तर डेव्हिएशन 2 किलोहर्ट्झ, मॉड्युलेशन इंडेक्स 0.02, साइडबँड −40 डीबीसी. तुमच्या अ‍ॅनालायझरवर 1 किलोहर्ट्झ बँडविड्थला हे स्वच्छ दिसतं. दोन बाजूंचे साइडबँड असमान दिसले तर एएमही होतंय असं समजा. 2, 4 आणि 7 व्होल्ट ट्यूनिंगला वेगवेगळं घ्या, तिन्ही ठिकाणी सारखं क्वचितच येतं.

---

ताळगांव_आरएफ:

फेज नॉईजसाठी सरळ सिग्नल सोर्स अ‍ॅनालायझर मिळवा, कीसाइटचा ई5052बी किंवा रोहडे अँड श्वार्झचा एफएसडब्ल्यूपी. गोव्यात एनआयटी कुंकळ्ळीला आहे, बिट्स पिलानी झुवारीनगरला आहे. एखाद्या संस्थेत विचारून बघायला काय हरकत आहे? त्यांच्यात क्रॉस-कोरिलेशन असतं, सरासऱ्या शंभर घेतल्या की यंत्राचा स्वतःचा नॉईज 10 डीबीने खाली जातो. स्वतः जुळवाजुळव करण्यात आठवडा घालवण्यापेक्षा हे बरं.

---

झुवारीकाठ:

मिळालं तर उत्तमच. पण असं यंत्र एका दुपारीपुरतं मिळतं, आणि सप्लाय-रेझिस्टर बदलून परत परत बघायचं असेल तेव्हा आपल्या टेबलावर काहीतरी हवं. डिले लाइन डिस्क्रिमिनेटर (सिग्नलची त्याच्याच उशिरा आलेल्या प्रतीशी तुलना करणारी जोडणी) त्यासाठीच आहे. याला रेफरन्स ऑसिलेटर लागत नाही, आणि मोकळा व्हीसीओ थोडा इकडेतिकडे सरकला तरी लॉक तुटायला लॉकच नसतं.

जोडणी: व्हीसीओ, 10 डीबी पॅड, एमएमआयसी अँप्लिफायर (स्प्लिटरवर +13 ते +14 डीबीएम यावं), दोन भागांचा स्प्लिटर. एक बाजू सरळ एसबीएल-1 मिक्सरच्या एलओला. त्याला +7 डीबीएम किमान हवं. दुसरी बाजू 20 मीटर आरजी-58 मधून आरएफ पायाला. केबलमध्ये सुमारे 4 डीबी जातात, 100 नॅनोसेकंद मिळतात. मिक्सर लॅमिंग्टन रोडवरून कुरियरने येतो, केबल मडगावात किंवा पणजीत सीसीटीव्हीवाल्याकडे मागू नका, ते 75 ओहमची देतात.

मिक्सरच्या आयएफ पायाला 51 ओहम आणि 100 पिकोफॅरड सिरीजमध्ये जमिनीला, म्हणजे 268 मेगाहर्ट्झला टर्मिनेशन मिळतं. पुढे 10 मायक्रोहेन्री, मग एनई 5534 ऑप-अँप, गेन 101 (10 किलोओहम आणि 100 ओहम). त्याची बँडविड्थ तेवढ्या गेनला 100 किलोहर्ट्झपर्यंत जाते. पुढे 192 किलोहर्ट्झचं साउंड कार्ड, लॅपटॉप बॅटरीवर. चार्जर लावलात की 50 हर्ट्झची अख्खी कुटुंबकबिल्यासकट हजेरी लागते.

क्वाड्रेचर (मिक्सरला येणाऱ्या दोन बाजूंत 90 अंशांचा फरक): 5534 च्या आउटपुटवर डीसी शून्य हवं. 100 नॅनोसेकंद डिलेमुळे दर 5 मेगाहर्ट्झला एकदा शून्य येतं. तुम्हाला 134.5 ला मोजायचंय तर फ्रिक्वेन्सी हलवू नका, केबलला तुकडे जोडा. 74 सेंटिमीटरच्या आत कुठेतरी शून्य सापडतंच. वरचे 9.2 आणि 18.5 चे तुकडे इथे परत कामाला येतील. डीसी शून्यापासून दूर राहिलं तर एएम नॉईज आत शिरतो आणि आकडा खोटा वाढतो.

कॅलिब्रेशन हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि सगळ्यात सोपा. ट्यूनिंग लाइनवर 1 किलोहर्ट्झचा 1 मिलिव्होल्ट पीक साइन मिसळा. 1.4 मेगाहर्ट्झ प्रति व्होल्ट, म्हणजे 1.4 किलोहर्ट्झ पीक डेव्हिएशन. मिक्सर 0.3 व्होल्ट प्रति रेडियन देत असेल तर डिस्क्रिमिनेटर 0.19 मायक्रोव्होल्ट प्रति हर्ट्झ, आणि 5534 नंतर 27 मिलिव्होल्ट पीक दिसायला हवेत. 15 दिसले तर 15, 40 दिसले तर 40; जे दिसेल तोच तुमचा कॅलिब्रेशन. मिक्सरचा 0.3 कोणी छापलेला नाही, तो ड्राइव्हवर ठरतो. साइन काढून टाकून मग नॉईज घ्या.

साउंड कार्डवर स्पेक्ट्रम हर्ट्झ प्रति रूट हर्ट्झमध्ये आला की प्रत्येक ऑफसेटला परत तेच सूत्र. उदाहरणार्थ −110 डीबीसी प्रति हर्ट्झ 10 किलोहर्ट्झला म्हणजे 0.045 हर्ट्झ, मिक्सरवर 8.5 नॅनोव्होल्ट. 5534 आणि 100 ओहम मिळून 4 नॅनोव्होल्टच्या आसपास, त्यामुळे या बेंचचा तळ −116. तळ स्वतः मोजा: 20 मीटर केबल काढून तिच्या जागी 4 डीबी पॅड आणि आखूड तुकडा लावा, डीसी परत शून्यावर आणा. डिले गेला की व्हीसीओचा नॉईज जवळजवळ रद्द होतो, उरतो तो मिक्सर, एमएमआयसी आणि 5534 चा. व्हीसीओचा आकडा यापेक्षा 6 डीबी तरी वर असेल तरच लिहा. कमी पडलं तर 5534 च्या जागी एडी 797.

---

डिचोली_कॉइल:

एक भर. आधी साउंड कार्डवर एलएम 317 थेट असताना घ्या, मग 22 ओहम आणि 1000 मायक्रोफॅरड लावून, मग 47 च्या जागी 4.7 किलोओहम करून. तीन रेषा एकावर एक. प्रत्येक बदलानंतर किती उतरलं ते दिसलं की व्हीसीओचा खरा भाग कुठे सुरू होतो ते कळतं. शेवटच्या बदलाने काहीच उतरलं नाही तर एकतर व्हीसीओ दिसला, नाहीतर बेंचचा तळ. कोणता ते वरच्या आखूड केबलच्या चाचणीवरून ठरेल.

किती हवंय तेही ठरवून घ्या. 25 किलोहर्ट्झ बाजूला जोरदार स्टेशन, 15 किलोहर्ट्झचा आयएफ फिल्टर, 70 डीबी सिलेक्टिव्हिटी हवी असेल तर −70 − 42 = −112, त्यावर सहा-आठ डीबी मोकळीक, म्हणजे 25 किलोहर्ट्झला −118 ते −120. यापलीकडे झटत बसण्यात अर्थ नाही, फिल्टरच तेवढा देत नसतो.

---

वेर्णा_टेस्टबेंच:

ट्यूनिंग कर्व्हबद्दल राहिलं. तुमच्या आकड्यांवरून प्रत्येक व्होल्टला उतार काढला तर 2.3, 1.8, 1.5, 1.3, 1.1, 0.9, 0.8 मेगाहर्ट्झ प्रति व्होल्ट. सरासरी 1.39 रिपोर्टमध्ये लिहू नका, तिचा कोणालाच उपयोग नाही. पीएलएल (फेज लॉक्ड लूप) बांधणारा उतारच विचारतो, कारण लूप बँडविड्थ त्याच प्रमाणात बदलते. अर्ध्या व्होल्टच्या पायरीने परत घ्या, आणि प्रत्येक पायरीला उताराचा स्तंभ द्या. काउंटरचा गेट 1 सेकंद. शेवटचे दोन-तीन अंक नाचणारच. काउंटरचा टाइमबेस 1 पीपीएम चुकला तरी 134 हर्ट्झ, त्याची काळजी इथे नको. काउंटरने मधेच दुप्पट आकडा दाखवला तर दुसरं हार्मोनिक जोरात आहे, 200 मेगाहर्ट्झचा लो-पास मध्ये घाला.

1 व्होल्टला उतार मोठा दिसतो तो सगळा व्हॅरॅक्टरचा गुण नाही. आरएफचा स्विंग तिथे डायोडला क्षणभर फॉरवर्ड करतो, क्यू पडतो, नॉईज वाढतो. 1.5 च्या खालचा भाग कामाचा नाही असं स्पष्ट लिहा.

मोजण्याआधी पेटी बंद करून अर्धा तास चालू ठेवा. 100 पीपीएम प्रति अंश एवढा ड्रिफ्ट असेल तर एका अंशाला 13 किलोहर्ट्झ. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना हे दिसतं. तापमानाचा कर्व्ह हवा असेल तर थर्मोकोलच्या डब्यात 5 वॉटचा रेझिस्टर हीटर म्हणून, सेन्सर कॉइलजवळ, आणि तापमान इतकं सावकाश वाढवा की वर जाताना आणि खाली येताना रेषा एकच राहील.

---

ताळगांव_आरएफ:

पेटी बंद करायचं आणखी एक कारण. उघड्या बोर्डावर अ‍ॅनालायझरमध्ये 88 ते 108 मधली स्टेशनं दिसतात. आकाशवाणी पणजीचं 105.4 आल्तिन्होच्या जवळपास चांगलंच जोरात येतं. व्हीसीओचा सप्लाय बंद करा. रेषा तशीच राहिली तर ती व्हीसीओची स्पर (नको असलेली रेषा) नाही.

आणि उलट बाजू: तुमचा लोकल 133 ते 135 म्हणजे थेट विमानांच्या 118 ते 137 च्या पट्ट्यात बसतो. दाबोळी आणि मोपा दोन्ही विमानतळ फार लांब नाहीत. +7 डीबीएमच्या आउटपुटला मोजणी चालू नसताना 50 ओहमचं टर्मिनेशन, झाकण सोल्डर केलेली पत्र्याची पेटी, सप्लाय आणि ट्यूनिंग दोन्ही 1 नॅनोफॅरडच्या फीडथ्रू कपॅसिटरमधून. पेटीबाहेर हातात धरायच्या एअरबँड रिसीव्हरने एकदा 134.5 ऐका. एक मीटरवर कॅरियर ऐकू आला तर गळती बहुतेक ट्यूनिंगच्या वायरमधून असते, झाकणातून नव्हे.

---

फर्मागुडी_बेंच:

ट्यूनिंगची वायर सध्या साधी, शील्ड नसलेली, जवळजवळ अर्धा मीटर आहे. फीडथ्रू लावल्यावर 1 नॅनोफॅरडमुळे पुशिंगच्या चाचणीतल्या 100 किलोहर्ट्झच्या साइनवर परिणाम होईल का?

---

वेर्णा_टेस्टबेंच:

सप्लायवर नाही; तिथे आधीच याच्या शंभरपट कपॅसिटन्स आहे, म्हणून तर पायावर मोजायला सांगितलं. ट्यूनिंगवर फीडथ्रू रेझिस्टरच्या अलीकडे, पेटीच्या भिंतीत बसेल. पॉटचा सोर्स रेझिस्टन्स मध्यावर 2.5 किलोओहम, 1 नॅनोफॅरडबरोबर कॉर्नर 64 किलोहर्ट्झ. कॅलिब्रेशनचा 1 किलोहर्ट्झ सुखरूप जातो. फक्त पॉटपुढचा 10 मायक्रोफॅरड फिल्म कपॅसिटर साइनला शॉर्ट करेल, म्हणून त्याच्या जमिनीकडच्या पायात 10 ओहम घालून त्या 10 ओहमवर साइन द्या. 1 किलोहर्ट्झला त्या कपॅसिटरचा रिॲक्टन्स 16 ओहम, पॉटच्या अडीच किलोओहमपुढे नगण्य, त्यामुळे दिलेला 1 मिलिव्होल्ट जवळजवळ जसाच्या तसा ट्यूनिंगवर पोचतो. फंक्शन जनरेटरचा 1 व्होल्ट 10 किलोओहममधून त्या 10 ओहमवर दिला की 1 मिलिव्होल्ट होतो. चाचणी संपल्यावर जनरेटरची केबल काढून टाका, नुसतं आउटपुट बंद करून भागत नाही.